'माप चुकलं' नावाचा कप्पा

मी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका. शिंप्याच्या टेबलावर करडं कापड पसरलंय ना, त्याच्या टोकाशी काळी चपटी डबी बसलीय, ती मी. हार्ड डिस्क म्हणतात मला. पोट बंद पडलंय, पण तोंड अजून चालतंय. तोंड शेवटी बंद पडतं, हे तुम्हालाही घरच्या अनुभवानं माहीत असेल.

माझ्या पोटात हजारो गाणी होती आणि स्वतःला एक गुणगुणता येत नव्हतं. अक्षरओळख म्हणाल तर तीही नाही. पण लक्षात ठेवायच्या बाबतीत कुणी माझा हात धरू शकणार नाही.

जन्म झाला कुठल्याशा कारखान्यात. पांढरे झगे, तोंडाला फडकी, हातात मोजे. मला वाटलं, माझ्या ऑपरेशनलाच जमलेत सगळे. धुळीचा कण लागू नये म्हणून तेव्हा एवढा थाट, आणि पुढचा सगळा जन्म काढला शिंप्याच्या दुकानात, खडूची भुकटी आणि दोऱ्यांची टोकं खात.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. त्यांची धाकटी लेक नोकरीला लागली, तिनं पहिल्या पगारातून मला आणलं. मास्तर कमरेत वाकलेले, गळ्यात टेप, कानावर खडू आणि तोंडात टाचण्या. टाचण्यांमुळे त्यांचं निम्मं आयुष्य न बोलता गेलं आणि उरलेलं निम्मं नको ते बोलण्यात.

जग गाणी लावतं गायकाच्या नावावर. मास्तरांनी लावली कामाच्या नावावर. माझ्या पोटात त्यांनी कप्पे केले. कापड बेतायचं असलं की संथ, बिनशब्दांची धून, कारण कात्री चालताना शब्द आले की मास्तर त्यांच्या मागे जातात आणि बाही आखूड होते. शिवायला बसले की मशीनच्या पायाशी जुळणारी धावती गाणी. काजं-बटणांना मालकीणबाईंच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या पसंतीची, कारण काजं त्याच करायच्या. आणि इस्त्रीच्या कप्प्यात एकच शिट्टीवालं गाणं, एकाखाली एक पुन्हापुन्हा ठेवलेलं. शिट्टी वाजली की ओल्या फडक्यावर इस्त्री दाबायची, शब्द आले की उचलायची. घड्याळ बघायला मान वर करावी लागते, शिट्टीला नाही लागत.

सगळ्यात खाली एक कप्पा होता, 'माप चुकलं' नावाचा.

गिऱ्हाइकापुढे 'चुकलं हो' म्हणायला मास्तरांना काही वाटायचं नाही. घरात मात्र तो शब्द त्यांच्या घशातच अडायचा. मालकीणबाईंशी वाजलं की ते गुपचूप हा कप्पा लावत. त्यातली गाणी दुसरीकडेही होतीच, पण इथं ओळीनं बसवलेली. पहिल्याला मालकीणबाई नाक मुरडत. दुसऱ्याला आतली भांडी आपटायची थांबत. पुढच्याला सुईत दोरा ओवायला दाराशी येऊन बसत. शेवटचं अर्ध्यावर आलं की चहाचे दोन कप बाहेर येत आणि भांडण मिटलं असं धरायचं. एक शब्द न बोलता! धाकटीला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

मग मला म्हातारपण लागलं. पोटात टक टक व्हायला लागली. धाकटी म्हणाली, "बाबा, ही आज जाते की उद्या." माझ्या तोंडावर! म्हाताऱ्यांविषयी बोलताना माणसं त्यांना बहिरं का समजतात कुणास ठाऊक.

ती नवी डबी घेऊन आली. बिस्किटाएवढी, चकचकीत, आत काही फिरत नाही म्हणे. हातपाय न हलवता कामं उरकणारी ही मी पाहिलेली पहिलीच.

"बाबा, केवढा हा पसारा! एकेक गाणं चार-चार ठिकाणी. थांबा, नीट लावून देते."

"लाव की," मास्तर टाचण्यांतून म्हणाले. "नीट लावलेलं कुणाला नको असतं?"

धाकटीनं माझ्यातलं सगळं नवीत उतरवलं आणि तिच्यावर कसलासा प्रोग्राम सोडला. त्यानं गाणी गायकांच्या नावानं रांगेत उभी केली. जुळी-तिळी सापडली की त्यातलं सर्वांत लठ्ठ, म्हणजे लांबलचक ठेवलं, बाकीची पुसली. रिकामे पडलेले कप्पे मोडून टाकले. माझ्या पोटात सगळं जिथल्या तिथं होतं, पण मला विचारतो कोण? माझी तार काढली आणि मला बटणांच्या खणात लोटलं.

दुसऱ्याच दिवशी आमचे गिऱ्हाईक वकीलसाहेब नवा कोट घालून बघायला आले. मास्तर म्हणाले, "बसा, एक हात इस्त्रीचा फिरवतो." शिट्टी लागली. पण ती त्याच गाण्याच्या लठ्ठ प्रतीतली, माझ्यातली बुटकी प्रत तिथं पुसली गेली होती! शिट्टी घालणाऱ्यानं श्वास घ्यायचाच नाही असं ठरवलेलं. शब्द काही येईनात. मास्तर दाबून उभे, वकीलसाहेबांशी गप्पा चाललेल्या. मला खणात वास आला, पण मास्तरांना नाही. इस्त्री उचलली तेव्हा कोटाच्या पाठीवर तिची तपकिरी तसबीर उमटली होती.

"तुला एवढं दिसलं नाही?" मास्तर मालकीणबाईंवर उखडले. "इथंच तर बसली होतीस! एक काम धड होत नाही तुझ्याकडून!"

आणि हे वकीलसाहेबांच्या देखत. ते बिचारे भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

मालकीणबाईंनी बोटातली अंगुस्तानाची टोपी काढून टेबलावर ठेवली. "मग धड कामाची माणसं बघा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर घरात बोलणं बंद. कोट टांगलेले, बिनकाजांचे. गिऱ्हाइकं रिकाम्या हातानं परत जायला लागली. आणि एका सकाळी मालकीणबाईंनी पिशवी भरायला घेतली. "बहिणीकडे जातेय. परत कधी ते विचारू नका."

मास्तरांचं धाबं दणाणलं. ते नव्या डबीपुढे जाऊन बसले, वर-खाली शोधलं, मग धाकटीला हाक मारली.

"ते सगळ्यात खालचं कुठं गेलं गं?"

"कुठलं?"

"कप्पा होता. 'माप चुकलं'."

"तो होय! त्यात वेगळं काहीच नव्हतं, बाबा. सगळी गाणी दुसरीकडे आहेत. शोधा ना."

"गाणी नकोत. ओळ हवी. कुठल्यामागून कुठलं ते."

"कशाला?"

मास्तरांनी टेबलावरची टाचणी उचलली आणि तोंडात धरली.

धाकटी उठली. मग तिनं खण उपसला. बटणांतून मला बाहेर काढलं, फुंकर मारली, तार लावली. तोवर मालकीणबाई पिशवी घेऊन दाराशी आल्या होत्या, चपला पायात सरकवत होत्या. फार सावकाश सरकवत होत्या, एवढं सांगते.

मी जीव एकवटला. म्हातारपणी जमिनीवरून उठताना जसं सगळं अंग बोलतं, तसं माझं झालं. फिरले. एकेक नाव पडद्यावर आलं. बेतणं. शिलाई. काजं. इस्त्री. आणि शेवटी, माप चुकलं. मास्तरांचा हात पुढे आला, त्यांनी त्या नावावर टिचकी दिली. मी पोटातला गाणी वाचणारा दांडा तिकडे न्यायला गेले...

टक. टक. खर्रर्र.

संपलं. पडद्यावर नुसतं नाव उरलं.

मास्तरांनी तोंडातली टाचणी काढली. "चुकलं," म्हणाले.

"काय चुकलं?" दारातून आवाज आला. "कोटाचं?"

"कोट गेला खड्ड्यात. मी तुला बोललो ते चुकलं. परक्याच्या देखत बोललो, ते तर फारच."

"ऐकू येत नाही. मशीन चालू आहे."

"मशीन बंद आहे गं!"

"मग मोठ्यानं बोलायला काय झालं?"

मास्तर असे ओरडले की शेजारच्या किल्लीवाल्यानं दुकानातून मान बाहेर काढली. "काय झालं हो? कुणाचं चुकलं?"

"माझं!" मास्तर म्हणाले. "तुला काही त्रास?"

मालकीणबाईंनी पिशवी खाली ठेवली. धाकटीला म्हणाल्या, "बस त्या बिस्किटापुढे. आधी ते रडकं लाव, ज्यात तो नदीकाठी बसलाय. मग भांडखोर बाईचं. मग ते दोघांचं, ज्यात दोघंही सुरात नाहीत."

"आई! तुला ओळ पाठ आहे?"

"माझ्यासाठीच लावत होते ना? मग मला नको पाठ? आणि शेवटचं काढून टाक. मला ते कधीच आवडलं नाही."

मास्तरांचा चेहरा पडला. "त्याच गाण्याला तर तू चहा आणायचीस!"

"ते बंद व्हावं म्हणून!"

कप्पा परत झाला, एका गाण्यानं कमी. सगळं मात्र परत आलं नाही. शिट्टीवालं बुटकं गाणं फक्त माझ्यात होतं, ते माझ्याबरोबर गेलं. वकीलसाहेबांना कोटाची नवी पाठ लावून दिली. धाकटी मला भंगारात द्यायला निघाली होती. मास्तरांनी हातातून काढून घेतलं आणि कापडावर ठेवलं, बेतताना ते सरकू नये म्हणून. वजन चांगलं आहे माझं. त्या बिस्किटाला हे काम जमायचं नाही, उडून जाईल.

त्या नव्या डबीला एवढंच सांगते : या घरातला पसारा आवरायला जाऊ नकोस, तो ज्याचा त्याला सापडतो. आणि तुम्ही, येणारी-जाणारी मंडळी, माझ्यावर चहाचा कप ठेवू नका. मेले आहे, बशी नाही झाले.

चला, इस्त्री तापली. आता तिथं मालकीणबाई स्वतः उभ्या राहतात आणि तोंडानं शिट्टी घालतात. बेसूर, निम्मी हवाच. पण त्या थांबल्या की मास्तर इस्त्री उचलतात, आणि तेव्हापासून एकही कोट जळला नाही. गप्प बसते आता. शिट्टी सुरू झाली.