बाकड्यावर बसलेली कुमुद

मी एक जुनं शिसवी बाकडं आहे. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समागे बास्केटबॉलचं मैदान आहे, त्याच्या कडेला माझा मुक्काम. मित्रांनो, मी नवं होतं तेव्हा माझा हिरवा रंग काय झळकायचा! थंडीत बायका माझ्यावर ऊन खात मटार सोलायच्या आणि माझं कौतुक करायच्या. आता रंग उडाला, एक पाय लंगडा झाला, कुणी ढुंकून बघत नाही. पण त्याचं मला एवढं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते कुमुदचं.

कॉलनीतल्या मुलींच्या संघाला भालचंद्रकाका शिकवायचे. सरकारी नोकरी आणि सचोटी अशी, की ऑफिसचं पेनसुद्धा घरी आणायचे नाहीत. प्रत्येक मुलीला प्रत्येक सामन्यात खेळवायचं, हा त्यांचा नियम. तो फक्त कुमुदला लागू नव्हता, कारण ती त्यांची स्वतःची लेक. लोक वशिला म्हणतील या धास्तीने ते तिला सगळ्यात शेवटी ठेवत, आणि तोवर सामना आटपून जाई. ती बिचारी माझ्यावर बसून इतरांसाठी टाळ्या वाजवायची. तिला बसवून घेताना मला चोरट्यासारखं व्हायचं.

त्या वर्षीचा शेवटचा सामना आला. पुढच्या वर्षी कुमुदचं वय या गटात बसणार नव्हतं. खेळ ऐन रंगात असताना हेमलताचा पाय मुरगळला. कुमुद ताडकन उठली. काकांनी मात्र नुकत्याच दमून बसलेल्या अरुणाला खूण केली.

"काका, मी आत्ताच तर बाहेर आले! कुमुद बिल्कुल नाही खेळली," अरुणा धापा टाकत म्हणाली.

"अगं, ती घरचीच आहे. समजून घेईल."

"घरी घेते ना समजून, बाबा," कुमुद म्हणाली. "पण इथे मी टीममध्ये आहे ना?"

"जल्दी भेजिए!" पंच ओरडले. काका क्षणभर घुटमळले आणि त्यांनी अरुणालाच पाठवलं.

संघ जिंकला. "कमाल है, अपनी बेटी को भी नहीं खिलाया!" म्हणत लोक काकांची पाठ थोपटू लागले. प्रत्येक थापेसरशी काकांची मान खाली जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुमुदला मैदानावर घेऊन आले. चेंडू तिच्या हाती देत म्हणाले, "चल, आज हवं तेवढं खेळ."

"मॅच काल होती, बाबा."

तिने चेंडू माझ्यावर ठेवला आणि ती घरी गेली. काका तिथेच बसून राहिले. "चुकलं माझं," असं कितीदा तरी पुटपुटले, पण ऐकायला मी एकटंच होतं.

मित्रांनो, मला नवा रंग दिला नाहीत तरी चालेल. पण माझ्यावर कुणी ताटकळत बसलं असेल, तर सामना चालू आहे तोवरच त्याला आत बोलवा.