अध्यक्षांमार्फत

मार्चमधला पहिला मंगळवार म्हणजे गावसभेचा दिवस. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या या गावात त्या दिवशी शाळा बंद असते, मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक करायच्या भट्ट्या संध्याकाळपर्यंत थंड असतात आणि चिखलाने माखलेले बूट घालून सारं गाव सभागृहातल्या घडीच्या खुर्च्यांवर येऊन बसतं. अर्डिस बॅचेल्डर यंदा पहिल्या रांगेत होती. गावातल्या उघड्या सिनेमाचा पडदा पाडू नये, हा ठराव तिचा होता.

पडदा नदीकाठच्या माळावर उभा होता. लोक समोर गाड्या लावायचे आणि गाडीतच बसून सिनेमा बघायचे. चालवणारा म्हातारा वारला, तेव्हापासून तिथे नुसतं गवत माजलं होतं. गावच्या पंचांना आता ती जागा रस्त्याची खडी साठवायला हवी होती.

पंचांची अर्डिसला फिकीर नव्हती. धास्ती होती ती मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या हार्लनची. हार्लन तिचा धाकटा भाऊ. डोंगराकडचे शेतकरी त्याचा हात वर जातो का ते पाहूनच आपला हात वर करत. आणि या भावाने मागच्या निवडणुकीपासून तिच्याशी अबोला धरला होता. वडिलांच्या एकाच अंगणात दोघांची घरं. त्याने फाटकाशी आपल्या उमेदवाराची पाटी रोवली, तिने त्याच्या हातभर पुढे आपल्या उमेदवाराची. मग त्याने आपली आणखी पुढे नेली. सरकत सरकत दोन्ही पाट्या रस्त्यावर आल्या आणि पहिला बर्फ पडल्यावर बर्फ सारणाऱ्या ट्रकने दोन्ही चिरडल्या. पण तोवर थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणाच्या ताटावर नको ते बोलून झालं होतं.

"पुढचा ठराव," ऑर्व्हिल पेटिंगिलने हातोडी आपटली. एरवी तो गुरांचं खाद्य विकायचा. आज टाय लावून अध्यक्षाच्या खुर्चीत होता. "नियम ठाऊकच आहेत. एकमेकांशी बोलायचं नाही. जे काय सांगायचं ते मला सांगा. अर्डिस, बोल."

शेजारी शेजाऱ्याच्या अंगावर धावून जाऊ नये म्हणून केलेला हा जुना नियम. अर्डिस उठली. शाळेत जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे तिला उभं राहून बोलायची सवय होती. पडद्याचे खांब अजून बरे आहेत, उन्हाळ्यात हौशी मंडळी आळीपाळीने सिनेमे लावतील, असं सांगून ती बसली.

मागून खाकरण्याचा आवाज आला.

"अध्यक्षमहोदय," हार्लन म्हणाला, "बाईंना विचारा, लहानपणी त्या पडद्यावर आम्ही काय बघायचो?"

सगळ्या माना मागे वळल्या. अबोल्याची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. ऑर्व्हिलने अर्डिसकडे पाहिलं. "अर्डिस, सभासद विचारतायत..."

"ऐकू आलं मला. अध्यक्षमहोदय, त्यांना सांगा, घोडेस्वारांचे सिनेमे. गोरे शूर आणि रेड इंडियन क्रूर."

"आणि बाईंनी पुढे शाळेत माझ्या पोरांना काय शिकवलं? की ते सगळं खोटं होतं. जमिनी लुटल्या आपण, आणि सिनेमात मात्र चोरच पोलीस झाले. बरोबर ना, अध्यक्षमहोदय?"

"मला काय विचारतोस?" ऑर्व्हिल म्हणाला. "मी त्या तासाला झोपायचो."

लोक हसले. हार्लन हसला नाही. "मग ज्या पडद्यावर खोटा इतिहास दाखवला तो पडदा गावाने कशाला सांभाळायचा? खडी तरी खरी असते."

डोंगराकडच्या रांगेतल्या माना डोलल्या. बिनतोड मुद्दा होता, आणि तो तिच्याच शिकवणीतून उचललेला. अर्डिसला राग यायला हवा होता. पण तिच्या मनात आलं, याने माझं सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं तर! ती सावकाश उठली.

"अध्यक्षमहोदय, खोटं होतं, कबूल. पण ते खोटं आहे हे मला पुस्तकात नाही कळलं. घरी परतताना बाबांच्या ट्रकमध्ये कळलं. हे सभासद सिनेमातल्या फौजदाराच्या बाजूने असायचे, मी इंडियनांच्या. पुलापासून घरापर्यंत आम्ही कडाकडा भांडायचो. आम्हाला ऐकता यावं म्हणून बाबा रेडिओ बंद करायचे. आता ज्याला त्याला आपापल्या खोलीत, आपापल्या मताचा पडदा मिळतो. परतीच्या वाटेवर भांडायला शेजारी कुणी नसतं. त्यांना सांगा, एकदा तर मी त्यांना हरवलं होतं."

"हरवलं?" हार्लन भिंतीपासून उसळून पुढे आला. "अर्डी, थापा मारू नकोस! हरलीस तू! रडत होतीस नुसती, आणि माझ्या बाहीला नाक पुसलंस!"

हातोडी कडकन आपटली. "नियमभंग! सभासदांनी अध्यक्षांशी बोलावं!"

"तू गप रे, ऑर्व्हिल!" अर्डिस भावाकडे वळली होती. "मी रडले कारण तू मला चिमटा काढलास, हार्लन. मुद्दे संपले की चिमटा, ही तुझी जुनी खोड."

"मुद्दे माझे कधीच संपत नाहीत."

"ते मात्र खरं."

ऑर्व्हिलने हातोडी पुन्हा उचलली, दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच टेबलावर ठेवून दिली. हार्लन चालत्या बैलाने अचानक थबकावं तसा मधल्या वाटेत उभा होता. आपण थेट बहिणीशीच बोललो हे त्याला आता उमगलं. त्याचे कान लाल झाले. कुणीतरी टाळी वाजवली, आणि ती अंगाशी आल्यासारखी लगेच थांबवली.

मतं आवाजी घेतली तेव्हा दोन्हीकडचा गलका सारखाच वाटला. मग रिवाजाप्रमाणे लोकांनी उठून बाजू घ्यायचं ठरलं: ठरावाच्या बाजूचे खिडक्यांकडे, विरोधातले सभागृह तापवणाऱ्या लोखंडी स्टोव्हकडे. खुर्च्या करकरल्या. अर्डिस खिडकीशी जाऊन वळली. हार्लन स्टोव्हपाशी, हाताची घडी घालून. पण डोंगराकडचे शेतकरी वाटेतच घोटाळले होते. त्यांनी हार्लनकडे पाहिलं, अर्डिसकडे पाहिलं, आणि त्यातले निम्मे खिडक्यांकडे चालू लागले. पडदा अगदी थोडक्यात वाचला.

जेवणाची सुटी झाली. चर्चच्या बायकांनी भट्टीत शिजवलेले रसदार घेवडे, डुकराचं हॅम आणि सफरचंद भरून भाजलेली गोड पक्वान्नं मांडली होती. अर्डिस ताट घेऊन बसली. समोरची खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मी अजूनही विरोधातच आहे," हार्लन म्हणाला.

"स्टोव्हपाशी दिसलास की."

"आणि तुझा तो उमेदवार अजूनही गाढवच आहे."

"तुझ्यापुढे तरी हुशार." तिने मीठ त्याच्याकडे सरकवलं. "पण तुझी माणसं माझ्याकडे आली."

"भित्री आहेत. मास्तरणीचा धाक, दुसरं काय?" त्याने घेवड्याचा मोठा घास घेतला आणि चावता चावताच बोलला. "डावीकडचा खांब बरा नाहीये, अर्डी. बुडाशी कुजलाय. जमिनीतला बर्फ वितळला की कलंडेल."

"तुला काय ठाऊक?"

"मागच्या आठवड्यात जाऊन टोचून बघितला. विरोध करायचा तर नीट माहिती काढूनच करायला हवा ना?"

"आणि मला सगळ्यांसमोर बरा आहे म्हणू दिलंस?"

"तेव्हा बोलत नव्हतो मी तुझ्याशी."

अर्डिसला हसू फुटलं. हार्लन काट्याच्या टोकाने ताटातल्या रश्शात खांब काढू लागला. टेकू कुठे द्यायचा, ट्रॅक्टर कुठून न्यायचा, ते दाखवू लागला. नदीकडून, तो म्हणाला. रस्त्याकडून, ती म्हणाली. नदीकडे तर चाकं रुतून बसतील, साध्या पोरालाही कळेल. त्यावरून जे जुंपलं, ते दुपारची सभा सुरू करायला ऑर्व्हिल खुर्चीत येऊन बसला तरी थांबलं नव्हतं.