वैजनाथची मांडी

नागापूरच्या कारखान्यातनं रिटायर होऊन वैजनाथ नेवाशाजवळ गावी आला, तो दुखरे गुडघे घेऊनच. डॉक्टर म्हणाले, योगा करा. योगाचा वर्ग मारुतीच्या देवळात. शिकवायला आप्पासाहेब, देवळाचे अध्यक्षही तेच. त्यामुळं व्यायाम कुठं संपतो अन् आरती कुठं सुरू होते, कुणाला कळायचं नाही. सगळे मांडी घालून बसायचे, वैजनाथ मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर. शवासन मात्र त्याला झकास जमायचं. पाठ टेकली की घोरायचा.

त्या सकाळी घोरला नाही. आप्पासाहेब म्हणाले, बघा, याला म्हणतात प्रगती. आरती झाली, प्रसाद वाटला, लोकांनी चपला घातल्या, तरी वैजनाथ उठेना. मग डॉक्टर आले. हार्ट अटॅक, म्हणाले.

"अटॅक आपल्यासारख्याला येतो, डॉक्टर," आप्पासाहेबांनी हात जोडले. "देवापुढं, आसनात गेलाय. ही समाधी हाय."

कणकेच्या हातानं त्याची बायको भागूबाई पळत आली, तोवर हार पडले होते. हंबरडा फोडणार, तेवढ्यात बायांनी तिचं तोंड दाबलं. समाधीपुढं रडत नसतात. कुंकू पुसायचं नाही, सरण नाही, दहावा नाही. योगी कुठं मरतो? देवळामागं बसवून पुरायचं ठरलं.

तिला त्याला घरी न्यायचं होतं, शेवटची अंघोळ घालायची होती अन् मोठ्यानं रडायचं होतं. पण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. सगळे मांडी घालत होते. वैजनाथची. जिवंतपणी न वळलेले गुडघे आता काय वळतात? एक पाय बसवला की दुसरा सटकन सुटायचा. एकदा तर त्यानं आप्पासाहेबांची टोपीच उडवली. हसू दाबायला भजनी मंडळानं टाळ जोरात वाजवले.

"आवो, दुखतंय त्यास्नी," भागूबाई म्हणाली.

"त्यास्नी आता काय दुखायचं, मावशे?"

"मंग मेल्यात म्हना की."

टाळ थांबले. पण थोडाच वेळ. शेवटी उपरण्यानं पाय बांधून बसवला त्याला.

मग चौथरा झाला. गुडघेदुखीवाले नवस बोलायला लागले. भागूबाईच्याही पाया पडायचे, माता म्हणायचे. मातेला डोळ्याला पदर लावायची सोय राहिली नाही.

दहाव्या दिवशी ती कुणाला न सांगता प्रवरेच्या काठी गेली. पानावर भात ठेवला. शेजारी दुसऱ्यांच्या पिंडाला कावळे पटापट शिवत होते. तिचा कावळा फांदीवरच. शेजारच्या पिंडाचे गुरुजी म्हणाले, काय राहिलं असंल त्यांचं, ते बोला.

भागूबाईनं इकडंतिकडं बघितलं.

"लाकडं न्हाई देता आली तुमाला," ती फांदीकडं बघून म्हणाली. "पाय बांधले, मी सोडवू शकले न्हाई. आता हितं गावातलं कुनी न्हाई. पाय सोडून बसा."

कावळा खाली उतरला. त्यानं भातात चोच घातली, तशी भागूबाई वाळूत पाय पसरून बसली अन् मोठ्यानं रडली.