वीण दिसेल असा कॅमेरा

कारखान्यात त्याला सगळे मायक्रॉन म्हणत. पंपाचे सुटे भाग मापायचे आणि पास की नापास ते ठरवायचं, हे त्याचं सत्तावीस वर्षांचं काम. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक निघाला तरी भाग लाल खोक्यात. माणूस वाईट नव्हता, पण 'चालून जाईल' हे दोन शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते.

त्याची बायको वेताच्या खुर्च्या विणायची. घराची पुढची खोली तिची. खिडकीखाली पाण्याचं घमेलं, त्यात भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या, भिंतीशी बैठक फाटलेल्या खुर्च्यांची रांग. उभा फेर, आडवा फेर, पुन्हा उभा, पुन्हा आडवा आणि शेवटी दोन तिरपे, अशा सहा फेरांत बैठक भरायची. विणताना ती मध्येच एखादी पट्टी नखानं छेडायची आणि आवाजावरून ताण ओळखायची. तिनं विणलेली बैठक वीस-वीस वर्षं हलत नसे.

पट्टी पहिल्यांदा हातातून सुटली तेव्हा ती हसली. "म्हातारी झाले वाटतं," म्हणाली. मग चहाचा कप सुटला, मग किल्ली फिरेना. तीन डॉक्टर झाले. चौथ्या डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं आणि सरळ सांगितलं, की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. आधी हात, मग जीभ, मग श्वास. औषधानं वेग थोडा कमी होईल, थांबणार नाही. हातांचे किती महिने, असं तिनं विचारलं. "असतील चार-सहा," डॉक्टर म्हणाल्या.

दोघं घरी आली. चपला काढताना ती म्हणाली, "अहो, माझी वीण व्हिडिओत धरून ठेवायची. पहिल्या फेरापासून सहाव्यापर्यंत. आणि इंटरनेटवर टाकायची. ज्याला शिकायचं तो शिकेल."

दुसऱ्याच दिवशी मायक्रॉननं फोन एका डब्याला टेकवून चित्रण करून पाहिलं. लांबून सगळं बरं दिसत होतं. जवळ नेलं की फोन बावचळायचा, कधी बोटं स्पष्ट, कधी जमीन. पट्ट्या एकमेकींत मिसळून नुसता पिवळा लगदा दिसत होता.

"हे नाही चालायचं," तो म्हणाला. "वरची पट्टी कुठली, खालची कुठली, कळतच नाही. कॅमेरा घ्यायला हवा. आपल्याला परवडेल असा, पण नीट."

"घ्या की मग," ती म्हणाली.

डॉक्टरांकडून आल्यापासून आपण काय करायचं हे त्याला समजत नव्हतं. आता एक काम मिळालं, आणि तेही त्याच्या हातखंड्याचं. त्यानं वही केली. अकरा कॅमेरे, प्रत्येकाला एक पान. किती जवळून स्पष्ट दिसतं, स्क्रीन बाजूला वळतो का, माइक लावता येतो का, अर्धा तास सलग चालवला तर तापून बंद पडतो का. जेवणाच्या सुट्टीत तो कानाला हेडफोन लावून तज्ज्ञांची परीक्षणं ऐकत बसायचा. फोटोग्राफी शिकवणारे धडेही त्यानं सुरू केले. लेन्सचं छिद्र मोठं केलं की उजेड जास्त आणि मागचं धूसर, छिद्र लहान केलं की सगळं स्पष्ट पण अंधार. हे सगळं त्याला मनापासून आवडायला लागलं, आणि आवडतंय म्हणून रात्री स्वतःची लाजही वाटायची.

जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान कारखान्याच्या वाटेवर होतं. दुकानदार एके काळी स्वतः फोटोग्राफर होता, पाठीनं दगा दिला म्हणून गल्ल्यावर बसलेला. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "काय टिपायचंय?"

"हात. जवळून. खिडकीच्या उजेडात."

दुकानदारानं मागच्या फळीवरून एक काळा कॅमेरा काढला. "हा घ्या. दोन मॉडेलं जुना आहे, म्हणून खिशाला झेपेल. हातांसाठी याच्यापुढे काही लागत नाही. लेन्स हीच ठेवा. उरलेल्या पैशात कॅमेऱ्याला चांगलं तीन पायांचं तिकाटणं घ्या."

मायक्रॉननं कॅमेरा उलटसुलट पाहिला, वहीत लिहून घेतलं आणि परत ठेवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. मग पुन्हा. पाचव्या खेपेला दुकानदार म्हणाला, "साहेब, इतक्या वेळा कडेवर घेतलात, आता तो तुम्हाला बाबा म्हणायला लागेल."

"पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय. मग याची किंमत उतरेल."

"उतरेल की. पण तोवर तुमचे ते हात थांबणार आहेत का?"

दुकानदाराला काहीच माहीत नव्हतं, तो गमतीनं बोलला होता. मायक्रॉन तडक बाहेर पडला आणि पंधरा दिवस त्या रस्त्यानं गेला नाही.

घरात खुर्च्यांची रांग कमी होत गेली. तिनं नवं काम घेणं बंद केलं. एकच खुर्ची राखून ठेवली होती, चित्रणासाठी. ती दर रविवारी पट्ट्या भिजत घालायची, संध्याकाळी काढून वाळवायची. त्याच्या शर्टाची बटणं ती पूर्वी न बघता लावायची. आता तिची स्वतःची तो लावून द्यायचा, मान दुसरीकडे वळवून.

"आज फोनवरच करू या ना," एका रविवारी ती म्हणाली. "दिसेल तेवढं दिसेल."

"घाई कशाला? एकदाच करू, पण नीट करू."

 तिनं घमेलं पायानंच भिंतीकडे सरकवलं.

परगावी नोकरीला असलेल्या मुलीनं फोनवर आवाज चढवला. "बाबा, चौदा आठवडे झाले! दगड घ्या, पण घ्या!" त्या शनिवारी तो दुकानात गेला आणि पहिल्या दिवशी दाखवलेला तोच काळा कॅमेरा घेऊन आला. किंमत उतरली नव्हती.

रविवारी सकाळी त्यानं खिडकीला पांढरा पडदा लावला, उजेड मऊ केला, तिकाटणं खुर्चीवर वाकवलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चित्र आलं आणि क्षणभर तो हरखला. वेताची शीर न् शीर दिसत होती.

"सुरू," तो म्हणाला.

पहिला उभा फेर तिनं कसाबसा ओढला. दुसऱ्यात पट्टी चौकटीतल्या भोकातून वर काढायची आणि अंगठ्यानं दाबून धरायची होती. अंगठा येईना. तिनं तळहातानं दाबलं, पट्टी सटकली. पुन्हा दाबलं. मायक्रॉन स्क्रीनवर बघत होता. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस गळून तिथं खड्डा पडला होता. कातडीखाली काहीतरी एकसारखं फडफडत होतं. इतके दिवस त्यानं जे बघायचं टाळलं होतं ते त्यानंच निवडलेल्या लेन्सनं केसाएवढ्या बारकाईनं समोर धरलं होतं.

"बंद करा."

त्यानं बटण दाबलं.

"कॅमेरा घरात आला असता तर माझ्या हातांकडे बघावं लागलं असतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "म्हणून आणला नाहीत."

वहीतलं पहिलं पान, नवीन मॉडेल, उतरणारी किंमत, असं बरंच काही त्याच्या जिभेवर आलं. "हो," तो म्हणाला.

"ते पुसून टाका."

"राहू दे ना. तुझं एवढंच—"

"माझे हात असे नव्हते. पुसा. माझ्यासमोर."

त्यानं तिच्या डोळ्यांदेखत पुसलं.  मग ती म्हणाली, "खुर्ची पुढे ओढा. तुम्ही विणा, मी सांगते."

पुढचे अडीच महिने तो सुट्टीच्या दिवशी विणत होता आणि ती मागून बोलत होती. "अहो, वेत आहे तो, बैल नाही, इतका काय ओढताय! ... सैल पडली. छेडा. ऐका. बद्द वाजतेय ना? उसवा." सगळं चित्रणात येत होतं. सलग बोलायला तिला जड जायला लागलं तशी वाक्यं आखूड झाली. चौथ्या फेरापासून तो तिचे शब्द चित्राखाली अक्षरांत लिहायला लागला, कारण बाहेरच्याला ते कळले नसते. सहाव्यात ती फक्त "हं" आणि "अंहं" म्हणत होती.

मधल्या काळात त्यानं एकदा तिचा फोटो काढायची परवानगी मागितली. "हात नको," ती म्हणाली. "तोंड चालेल." पहिल्या फोटोत फक्त कान स्पष्ट आला. तो बघून तिला इतकं हसू फुटलं की ठसका लागला, आणि तो ठसका थांबेपर्यंत मायक्रॉनची पाचावर धारण बसली.

सहावा फेर संपल्यावर सात आठवड्यांनी ती गेली. शेवटचे दिवस इस्पितळात, नाकातोंडावर श्वासाचा मास्क. मुलगी आली, राहिली, नोकरीसाठी परत गेली.

मग त्यानं सहा फेरांचे सहाही व्हिडिओ इंटरनेटवर चढवले. फार कुणी बघितले नाहीत. जे बघत ते चुका काढत, आणि त्या खऱ्याच होत्या. त्यानं विणलेली बैठक एव्हाना मधोमध खचायला लागली होती. ताण चुकलाय हे त्याला कळत होतं, किती चुकलाय हे विचारायला कुणी नव्हतं. कारखान्यात तो पूर्वीसारखाच कामाला जात होता, मात्र लाल खोक्यात भाग टाकताना आता त्याचा हात अडखळायचा आणि मागे उभी असलेली पोरं एकमेकांकडे बघायची.

एके दिवशी कुणा अनोळखी बाईनं दुसऱ्या व्हिडिओखाली लिहिलं, "शिकवणाऱ्या बाई मागून इतकं छान सांगतात. मग त्यांचे हात का नाही दाखवले? यांच्या हातांवरून काही कळत नाही."

त्यानं उत्तर लिहायला घेतलं. आजाराचं नाव लिहिलं, डॉक्टर काय म्हणाल्या ते लिहिलं, फोनच्या कॅमेऱ्यातली अडचण सविस्तर लिहिली. वाचून पाहिलं आणि सगळं खोडलं. मग लिहिलं, "मी कॅमेरा निवडायला उशीर केला. तोवर त्यांचे हात गेले."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, असं कशाला लिहिलंत? काढा ते. लोक काय म्हणतील?"

"बरोबर आहे ते," तो म्हणाला. "राहू दे."