टिटवीच्या नावाने

नाव तेवढं राहिलं होतं. पुस्तक छापून होत आलं, मुखपृष्ठावर चित्र बसलं आणि चित्राखालची जागा मात्र तशीच मोकळी, दार उघडं टाकून कुणाची वाट बघत बसावं तशी. प्रकाशकांचे निरोपावर निरोप येत होते. स्वतःचं नाव नको तर नको, पण काहीतरी द्या बाई, बिननावाचं पुस्तक दुकानदार हातात धरत नाही.

धाकटी कपडे शिवायच्या दुकानात काजं-बटणं करायची. थोरली घरातून नाहीशी होऊन वर्षं लोटली, तरी घरात हिला धाकटीच म्हणत. दुपारी कटिंग मास्तर कापायच्या टेबलावर आडवे झाले, की ती बटणांच्या डब्यांमागून कागद काढी आणि गोष्टी लिही. गोष्टींमध्ये घर होतं, जसंच्या तसं. गेलेल्या बाबांचा राग होता, दादाच्या थापा होत्या, आईची धारदार जीभ होती. स्वतःच्या नावाने हे छापलं असतं, तर दादाने तिला दारात उभं केलं नसतं.

पण ते सांगायचं कारण. मनातलं कारण निराळंच होतं. आई म्हणजे वाचनालयाची अर्धी कपाटं कोळून प्यालेली बाई. भल्याभल्या लेखकांना ती चार पानांत घरी पाठवायची. एखादा आवडलाच तर चष्मा पुसत म्हणायची, बरं लिहितो हा मेला. तिच्याकडून एवढं निघालं म्हणजे खूप. आईने हे पुस्तक कुणा परक्याचं म्हणून वाचावं, वाचून बरं म्हणावं, आणि मग आपण हळूच सांगावं, आई, हे माझं. धाकटीच्या शिवणाला, स्वयंपाकाला, चालण्याबोलण्याला आईने जन्मात बरं म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दाच्या आशेवर तिने सगळं पुस्तक ओढत आणलं होतं.

म्हणून नाव हवं होतं. तिने मास्तरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, एखादं चांगलंसं बाईचं नाव सुचवा. मास्तर म्हणाले, कुणाला मुलगी झाली गं? मग कानामागच्या पेन्सिलीने डोकं खाजवत म्हणाले, "नाव सैलच ठेवावं पोरी. माणूस पुढे अंगाने भरतं. शिलाईत आत जास्तीच्या कापडाची माया नसली, की उसवूनही काही उपयोग होत नाही."

तिने नावं घालून पाहिली, गिऱ्हाइकं कोट घालून बघतात तशी. एक खांद्यात जड पडलं. एक नटव्या बाईसारखं वाटलं. एकाला दुसऱ्याच कुणाच्या घामाचा वास येत होता. आणि मग एका दुपारी, दातांनी दोरा तोडता तोडता, ते नाव आपसूक तोंडात आलं. टिटवी.

टिटवी म्हणजे थोरली. पाळण्यात असल्यापासून गळा काढायची म्हणून घराने ठेवलेलं नाव, घराबाहेर कुणाला ठाऊक नसलेलं. गोष्टी सांगायची ती टिटवीच. एका पांघरुणात दोघी निजायच्या, आणि ती पांघरुणाच्या आत कुजबुजत मनाने ओव्या रचायची:

दाराच्या कडीला गं, हात कुणाचा लागला,
वारा मेला फसवा गं, जीव उगाच जागला.

धाकटी लिहायला बसली, की वाक्यं त्याच चालीवर यायची. आवाज तिचा, हात आपला. पुस्तक निम्मं तिचंच, तिचं नाव तिला दिलं तर काय बिघडलं? आणि त्याच्याही खाली, अगदी तळाला, एक वेडी आशा होती. टिटवी कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी दुकानापुढून जाईल, काचेआड स्वतःचं नाव बघेल, थबकेल. तिला कळेल, कुणीतरी हाक मारतंय.

जी लांब होती तिचा एवढा विचार केला. जी घरातच बसलेली होती तिचा केला नाही.

पुस्तक आलं. धाकटीने ते आईपुढे ठेवलं, दुकानात कुणीतरी विसरून गेलं म्हणाली. आईने नाव वाचलं. बोट त्या नावावर जरा वेळ राहिलं. मग खिडकीशी बसून तिने पान उलटलं. दिवस मावळला तरी उठली नाही, दिवा लावायलाही उठली नाही. वहिनी म्हणाली, सासूबाईंना आज जेवण नको वाटतं, पुस्तकावरच भागलंय. धाकटी भांडी घासता घासता पाठीचे कान करून उभी होती.

शेवटी आईने हाक मारली. ओल्या हातांनीच धाकटी गेली. आईचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता. सुरकुत्यांच्या आतून कुणीतरी दिवा धरल्यासारखा.

"जिवंत आहे गं ती," आई म्हणाली. "तिचंच आहे हे. आपल्या मोरीची फुटकी फरशी, तुझ्या बाबांची काठी, सगळं आहे. मी तिला काय बोलले तेसुद्धा आहे."

ते काय होतं, ते घरात कुणी उच्चारत नसे. कुठल्याशा भांडणात आई टिटवीला म्हणाली होती, जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस. टिटवी गेली. पायात चपलाही घातल्या नव्हत्या.

धाकटीच्या ओठांवर आलेलं तिथेच थिजलं. तिने फक्त विचारलं, "पण पुस्तक कसं वाटलं?"

"पुस्तकाचं काय घेऊन बसलीस?" आई म्हणाली.

हाक धाकटीने मारली होती, आणि आईच्या कानांना ती टिटवीने दिलेली ओ म्हणून ऐकू आली होती.

त्यानंतर आई रोज ते उघडायची, पण पुस्तक म्हणून नव्हे. दूर गेलेल्या माणसाचं खुशालपत्र वाचावं तसं. एका गोष्टीत एक धाकटी बहीण होती. आईने कधी जवळ न घेतलेली, दाराच्या फटीतून आई थोरलीचे केस विंचरते ते बघत राहणारी. ती गोष्ट लिहिताना धाकटीचा कागद भिजला होता. आईने ती तिला मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाली, "बघ, तुझं किती वाटत होतं तिला. तुझं दुःख ओळखलं पोरीने. तू कधी तिचं नाव तरी काढतेस का?"

मग आईने प्रकाशकांकडे जायचा हट्ट धरला. दादा म्हणाला, कुणा भलत्याच बाईचं असेल, तू कशाला हसं करून घेतेस. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. धाकटी तिला धरून घेऊन गेली. गोंद आणि शाईच्या वासाची ती खोली, गठ्ठ्यांवर गठ्ठे, आणि त्यांच्या मधोमध प्रकाशक. त्यांनी धाकटीला पाहिलं, उठू लागले. तिने मान हलवली तसे पुन्हा बसले. आईने हात जोडले. पत्ता नका देऊ, ती बरी आहे का तेवढं सांगा. भला माणूस पुरता गोंधळला. एकदा आईकडे बघे, एकदा धाकटीकडे. धाकटी जमिनीकडे बघत होती. शेवटी त्यांनी धाकटीला दिलेला शब्द पाळला.

"लेखिकेची इच्छा आहे," ते म्हणाले, "कुणाला काही कळू नये. घरच्यांना तर नाहीच."

आई उठली. जिन्यात कठडा धरून थांबली.

"मीच म्हटलं होतं ना, तोंड दाखवू नकोस," ती म्हणाली. "ऐकते बघ अजून. लहानपणी कधी ऐकलं नाही मेलीने."

घरी येऊन तिने अंथरूण धरलं. ताप नव्हता, खोकला नव्हता. डॉक्टर म्हणाले वय झालं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही, वहिनीने पुढे केलेला चमचा दातांना लागून परत येई. आता मात्र धाकटीला राहवेना. कौतुकाची हाव केव्हाच सुटली होती. ही अशी डोळ्यांदेखत विझतेय, तिला निदान खरं कळू दे. तिने दुकानातून सगळे कागद आणले, खोडलेले, भिजलेले, सुयांची भोकं पडलेले, आणि आईच्या पांघरुणावर पसरले.

"आई, हे मी लिहिलंय. पुस्तक माझं आहे. नाव नुसतं तिचं घेतलं."

आई उठून बसली. तिने एक कागद डोळ्यांजवळ नेला, दुसरा नेला. अक्षर धाकटीचं, हे तिला कळलंच. ती कितीतरी वेळ बघत राहिली. धाकटी त्या चेहऱ्यावर काहीही वाचायला तयार होती, राग, रडू, तिरस्कार. पण चेहऱ्यात तो पहिल्या दिवशीचा दिवा पुन्हा पेटत गेला.

"म्हणजे ती सांगते आणि तू उतरवून घेतेस," आई म्हणाली. "भेटता तुम्ही."

"नाही गं आई."

"तुला कुठे येतं असलं? शब्दन्‌शब्द तिचा आहे. भेटता, आणि इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस." तिने धाकटीचं मनगट धरलं. अंगात शक्ती नव्हती, ती सगळी त्या बोटांत आली होती. "रागवत नाही मी. शपथ घालून ठेवली असेल तिने तुला. पत्ता नको सांगूस. एवढंच सांग, बरी आहे ना?"

धाकटीने परत नाही म्हणून पाहिलं. समजावून पाहिलं. शब्द आईपर्यंत पोचत होते आणि पाणी दगडावरून जावं तसे जात होते. नाही म्हटलं की बोटं आणखी आवळायची, आणि डोळ्यांतला दिवा फडफडायचा. तिथे आणखी एक फुंकर मारायची तिची छाती झाली नाही.

"बरी आहे," ती म्हणाली.

आईने श्वास सोडला. मग हळूच, बाजारातून आणलेलं काही पिशवीतून एकेक काढावं तसं, विचारू लागली. काम काय करते? शिवण करते, धाकटी म्हणाली, माझ्यासारखंच. घर? दोन खोल्यांचं, उजेड असतो. एकटीच? नाही, माणूस आहे, शांत आहे. माझं नाव काढते का? काढते. आई उशीला टेकून ऐकत होती, मध्ये न बोलता, एक चूक न काढता. धाकटीचं बोलणं तिने इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं. आणि धाकटी सांगत गेली, खिडकीतली कुंडी, मशीनची खडखड, पायातल्या चपला. सांगताना चाल तीच येत होती, पांघरुणातली.

"आणि केस?" आईने विचारलं. "केस कसे आहेत?"

"कापलेत," धाकटी बोलून गेली. मशीनवर वाकलेली बाई तिच्या डोळ्यांपुढे तशीच उभी होती, मानेपर्यंतच्या केसांची.

आईचा चेहरा पडला. "कापले?" ती म्हणाली. "कमरेखाली यायचे गं. मी तेल घालून..." ती त्या केसांसाठी रडत राहिली, मेलेल्या माणसासाठी रडावं तशी, आणि धाकटी तिची पाठ चोळत बसली. कापलेले केस आता तिला परत लावता येणार नव्हते.