रोझमेरीचा नववा नवरा

माझी बायको शैलजा गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली. बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्यापेक्षा जास्त तिने एकच गोष्ट सांभाळली, ती म्हणजे दुपारी एक वाजता लागणारी 'लार्क्सपर बे' ही सिरीयल.

आम्ही चौऱ्याऐंशी साली नेपरव्हिलला आलो. तिला इंग्रजी वाचता यायचं, बोलता यायचं नाही. मी दिवसभर कारखान्यात आणि बाहेर गुडघाभर बर्फ. तिने टीव्ही लावला आणि रोझमेरी हॅलोवेकडून इंग्रजी शिकली. रोझमेरी ही त्या सिरीयलमधली बड्या घरची बाई. त्यामुळे शैलजाचं इंग्रजीही बड्या घरचं आणि रागीट झालं. एकदा नळ दुरुस्त करणारा माणूस दोन तास उशिरा आला, तर ती दारात उभी राहून त्याला म्हणाली, "एवढं सगळं झाल्यावर या घरात पाऊल टाकायची तुझी हिंमत कशी झाली?" तो बिचारा बूट बाहेर काढून आत आला आणि जाताना दोनदा सॉरी म्हणाला.

रोझमेरीचं काम करणाऱ्या बाईंचं नाव डोरीन फिट्झ. त्र्याऐंशी साली त्यांना फक्त तीन आठवड्यांसाठी घेतलं होतं, नर्स म्हणून. पहिलं वाक्य होतं, "डॉक्टर, पेशंट शुद्धीवर येतोय." पेशंट शुद्धीवर आला, गिरणीमालक निघाला आणि त्याने नर्सशी लग्न केलं. तेव्हापासून बाई तिथेच आहेत. दोनदा मेल्या, तीनदा त्यांना पळवून नेलं, एकदा स्मृती गेली, एकदा स्वतःचीच जुळी बहीण झाल्या. पंचेचाळिशीत निर्मात्यांना त्या म्हाताऱ्या वाटायला लागल्या, म्हणून त्यांना कड्यावरून ढकललं. ते अकरा महिने शैलजा दर आठवड्याला पत्र लिहायची आणि मी ते पोस्टात टाकायचो. तशी पत्रं गावोगावच्या बायकांनी लिहिली असणार, कारण अकरा महिन्यांनी रोझमेरी नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नात समुद्रातून चालत आली. केस नीट विंचरलेले.

तिची एकूण नऊ लग्नं झाली. शैलजा म्हणायची, "आपली रोझमेरी विधवा राहत नाही. मेलेला परत येतो, नाहीतर नवा मिळतो." आणि मग म्हणायची, "रोडावली आहे हो. एकदा घरी जेवायला बोलवायला पाहिजे."

यंदा शैलजाची पहिली अविधवा नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला घालतात, तिची ओटी भरतात. शैलजाने माझ्या आईसाठी हे दरवर्षी केलं होतं. आता तिच्यासाठी मी करायचं होतं आणि मला सवाष्ण मिळेना. नवमी आली सोमवारी. शेजारच्या शोभनाकाकू मुलीच्या बाळंतपणाला श्रूजबरीला गेलेल्या. मंडळातल्या रेखाला फोन केला.

"काका, सोमवारी ऑफिसात आमचं प्लॅनिंग असतं. शनिवारी चालेल का?"

"अगं, शनिवारी सप्तमी आहे."

"मग पुढच्या शनिवारी?"

"तेव्हा चतुर्दशी."

"काका, तुमचं कॅलेंडर फारच रिजिड आहे," रेखा म्हणाली.

त्याच आठवड्यात लायब्ररीत कागद दिसला. रविवारी गावातल्या थिएटरात डोरीन फिट्झ चाहत्यांना भेटणार होत्या. मी कागदासमोर बराच वेळ उभा होतो. मग घरी येऊन मुलीला फोन केला. आश्लेषा सनीव्हेलला असते.

"बाबा, तुम्ही एका ॲक्ट्रेसला आईच्या श्राद्धाला बोलावणार? धिस इज सो नॉट ओके."

"श्राद्ध नाही. जेवण."

"ती तुम्हाला ओळखत नाही."

"तुझी आई तिला ओळखत होती."

 ती म्हणाली, "सिक्युरिटीने पकडलं तर मला कॉल करा."

मग सुशांतला विचारलं. सुशांत पाच दिवस सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि शनिवार-रविवार पूजा सांगतो.

"काका, सवाष्ण असेल तर प्रॉब्लेम नाही. धर्म कुठलाही चालवून घेऊ."

"सिरीयलमध्ये तिचा नवरा जिवंत आहे. खऱ्यातलं माहीत नाही."

तिकडून आवाज येईना.

"सुशांत? म्यूटवर गेलास का?"

"नाही काका, विचार करतोय. खऱ्यातलाच लागेल. तुम्ही आधी विचारून घ्या."

म्हणून मी विचारलं. थिएटरात तीनशे बायका होत्या, मी होतो आणि दोन नवरे झोपलेले होते. बायका विचारत होत्या, कुठला नवरा आवडला, कड्यावरून पडताना भीती वाटली का. माझ्या हातात माइक आला. मी उठून म्हणालो, "मॅडम, तुमचे मिस्टर हयात आहेत का?"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. झोपलेल्यांपैकी एक नवरा जागा झाला.

"कितवे?" बाई म्हणाल्या, आणि थिएटर हसलं. हसणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "रोझमेरीचा नववा आहे. गुरुवारीच कोमातून उठला. माझा एकच होता, वॉल्टर. सेटवर दिवे लावायचा. दोन वर्षांपूर्वी गेला."

मी खाली बसलो. वाईट वाटलं आणि लाजही वाटली. शैलजाची एक इच्छा पुरी करायला निघालो होतो आणि भर सभेत एका विधवेला तिचा नवरा विचारून बसलो. घरीच जाणार होतो, पण सही घ्यायची रांग दारापर्यंत होती आणि बाहेर पडायचा रस्ता त्या रांगेतूनच होता. होता होता टेबलापाशी पोचलो.

"नाव?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"शैलजा," मी म्हणालो. दुसरं नाव सुचलं नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नेपरव्हिलची शैलजा? निळ्या शाईवाली?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "म्हणजे मोजे घालून झोपतात ते तुम्ही."

शैलजाने अमेरिकेत कोणाला काय काय लिहिलं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

"तिनेच मला लिहिलं होतं की चौथ्याला परत घेऊ नकोस, त्याचे डोळे बरे नाहीत," त्या म्हणाल्या. "मी ते पत्र लेखकांना वाचून दाखवलं. त्यांनी त्याला तुरुंगात टाकलं. दीड वर्ष झालं, तिचं पत्र नाही."

मी सांगितलं. मागच्या बाईने घड्याळ बघितलं, पण डोरीनबाईंनी घाई केली नाही. मी जेवणाचंही सांगून टाकलं. कोणाला घालतात हे मात्र सांगितलं नाही. तेवढं धैर्य झालं नाही.

"माझं विमान उद्या संध्याकाळी आहे," त्या म्हणाल्या. "किती वाजता येऊ?"

सोमवारी पहाटेपासून मी स्वयंपाक केला. खीर, आमसुलाची चटणी, अळूची भाजी, भोकाचे वडे. वडे शैलजाच्या वहीत बघून केले. वहीत लिहिलं होतं, "पीठ नेहमीसारखं." नेहमीसारखं म्हणजे कसं हे विचारायला कोणी नव्हतं. पहिले सहा दगड झाले, सातवा वडा झाला.

साडेअकराला बाई आल्या. साध्या पँटमध्ये, मेकअप नाही, टीव्हीपेक्षा वीतभर बुटक्या. मी पाट मांडला होता, पण त्यांचा गुडघा बघून खुर्ची दिली. त्यांनी हळदकुंकवाचं ताट बघितलं. शेजारी शैलजाची घडी न मोडलेली साडी आणि नारळ होता.

"हे काय?"

खोटं बोलून जेवायला घातलं तर ते शैलजाला कसं पोचणार? मी खरं सांगितलं. हे जेवण जिचा नवरा जिवंत आहे तिच्यासाठी असतं, वॉल्टर नाहीत हे मला काल कळलं, तरी मी तुम्हाला बोलावलं.

त्या खुर्चीवरून उठल्या. "मग मला नाही बसता येणार," त्या म्हणाल्या. "मी वॉल्टरबद्दल खोटं बोलत नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो. खीर गार होत होती. पुढे काय करायचं ते मला कळेना.

"बाथरूम कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. दोन मिनिटांनी दार उघडलं आणि रोझमेरी हॅलोवे बाहेर आली. कपडे तेच, पण मान ताठ, हनुवटी वर आणि उंचीसुद्धा वाढलेली. ती माझ्या डायनिंग टेबलाशी आली, खुर्चीकडे बोट दाखवलं आणि थांबली. मी घाईघाईने खुर्ची ओढली. ती बसली.

"माझे पती आजच इस्पितळातून घरी आले," ती म्हणाली. "तरी मी वेळात वेळ काढून आले आहे. सुरू करा."

मी कुंकू लावलं. ते जरा नाकावर सांडलं. ओटी भरली. ती एका राणीसारखी जेवली. वडा उचलून म्हणाली, "या डोनटवर साखर घालायला तुम्ही विसरलात, पण मी क्षमा करते." तिने चार खाल्ले. मला शैलजा हसताना ऐकू यायला पाहिजे होती. नाही आली. पण एवढं नक्की की ती असती तर दुसऱ्यांदा खीर वाढायला तीच उठली असती, म्हणून मी उठलो.

जेवण झाल्यावर बाईंनी हात धुतले, कुंकू पुसलं आणि पुन्हा बुटक्या झाल्या. "आता डोरीनला काही उरलंय का?" त्यांनी विचारलं. मी दगड झालेल्या सहांपैकी दोन वाढले. ते त्यांनी न कुरकुरता खाल्ले. वॉल्टरही स्वयंपाक असाच करायचा, म्हणाल्या.

एक वाजला. मी सवयीने टीव्ही लावला. पडद्यावर नववा नवरा व्हीलचेअरमधून घरी येत होता.

"हे आम्ही दोन महिन्यांपूर्वी शूट केलं," बाई म्हणाल्या. "पुढे काय होतं सांगू?"

"नको. शैलजाला चालायचं नाही."

त्या गप्प बसल्या. जाहिराती लागल्यावर मात्र त्यांना राहवेना. "एवढंच सांगते," त्या म्हणाल्या. "जेवण शुक्रवारी असतं तर मला येता आलं नसतं."

मी पडद्याकडे बघितलं. नववा नवरा ब्लँकेट पांघरून खिडकीशी बसला होता, चांगला हसत होता. त्याला काही माहीत नव्हतं.

"नशीब," मी म्हणालो, "नवमी सोमवारी आली."