ओल्या पिशवीचे वजन

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. पण माझ्यात कधी भाजी आली नाही. माझ्यात पाखरे तोलली जात.

उशीच्या अभ्र्यातून ताईच्या आईने मला शिवले आणि तोंडाला नाडी ओवली. ताई पक्ष्यांचा अभ्यास करी. नदीवरच्या लोखंडी पुलाखाली पाकोळ्यांची मातीची घरटी होती. ताई एकेक पाकोळी जाळ्यात अलगद धरी, माझ्यात ठेवी आणि मला स्प्रिंगच्या ताणकाट्याला अडकवी. आलेल्या आकड्यातून माझे नऊ ग्रॅम वजा करी. उरे ती पाकोळी, साधारण वीस ग्रॅमची. माझ्या अंधारात पाखरू शांत होते, म्हणून बघायला आलेले पाहुणे माझे कौतुक करत. पाखराच्या काळजाची धडधड मात्र फक्त मला लागे.

एका वर्षी, अंडी घालायच्या दिवसांत, थंडगार पाऊस आला. सहा दिवस तो थांबला नाही. पाकोळ्या उडते किडे खातात, आणि गारठ्यात किडे उडतच नाहीत. सातव्या दिवशी पुलाखालच्या वाळूवर मेलेल्या पाकोळ्यांचा खच पडला होता. ताईने मेलेल्या आणि जिवंत पाकोळ्यांच्या पायांच्या हाडांची लांबी मोजली. बारीक चणीच्या बहुतेक गेल्या होत्या. थोराड चणीच्या उरल्या होत्या, कारण त्यांच्या अंगावर चरबीची शिदोरी जास्त होती. पावसाने चाळण धरली होती.

पूल रंगवायला आलेला मुकादम केव्हाचा खोळंबला होता. पाकोळ्या अशक्त असतील तर शिड्या लावायच्या नाहीत, असे ठरले होते. माणसे वर चढली की पाकोळ्या घरटी सोडून घिरट्या घालतात आणि उरलेसुरले बळ त्यात घालवतात. ताईने भुरभुरत्या पावसातच पाखरे तोलली. काटा सरासरी एकोणतीस ग्रॅम दाखवत होता. नऊ वजा केले, वीस राहिले. निवडून उरलेल्या तगड्याच असणार, हे तिच्या मनाने आधीच धरले होते. म्हणून तिला शंका आली नाही. उद्यापासून काम सुरू करा, असे तिने सांगून टाकले. मुकादम म्हणाला, पैलवानच राहिलेत म्हणायचे. मी चिंब भिजले होते, पण मला बोलता येत नाही.

संध्याकाळी आईने तिची झोळी रिकामी केली आणि मला चिमटीत धरले.

“अगं, पाखरं तोललीस की पाणी?”

ताईचा चेहरा उतरला. तिने मला रिकामीच काट्याला लावले. काटा तेरावर थांबला. म्हणजे पाकोळ्या सोळाच ग्रॅमच्या होत्या. हाड मोठे, पण शिदोरी संपलेली.

सकाळी पहिली शिडी टेकण्याआधी ती मला घेऊन पुलावर पोचली.

“काम थांबवा. चूक माझी आहे.”

“काल तर तगडी म्हणालात, ताई.”

“तगडी नाहीत, उपाशी आहेत. पिशवी ओली होती.”

“आणि साहेबांना मी काय सांगू? पिशवी ओली होती?”

“तेच सांगा.”

तो पुटपुटत राहिला, पण शिड्या परत गाडीत चढल्या.

ऊन पडले, किडे उडाले, पाकोळ्या सावरल्या. त्यांची पिल्ले अंगाने भरदार निघाली, तेव्हा सगळे खूश झाले. दोन वर्षांनी असा उन्हाळा आला की पुलाच्या लोखंडाला हात लावता येईना. भरदार अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. पिल्ले घरट्याच्या कडेला चोच वासून बसत आणि एकेक करून खाली पडत. पावसाने निवडले होते ते पावसासाठी. पुढच्या उन्हाला त्याने विचारले नव्हते.

आता ताईकडे नायलॉनची पिशवी आहे आणि मी टेबलाच्या खणात असते. यंदा पुलाखाली एकवीसच घरटी आहेत. आभाळ पुन्हा अवेळी भरून आले आहे, आणि ताई दर थोड्या वेळाने खिडकीशी जाते.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. मोजण्याआधी रिकामी पिशवी तोला, एवढेच सांगते. आणि संकटातून जे उरले, ते बळकट आहेत असे समजून त्यांच्यावर नवे ओझे टाकू नका. ते फक्त मागच्या संकटातून उरलेले असतात.